जुन्या संगणकात आठ टीबीची हार्ड डिस्क: कोणती घ्यावी आणि नेमकं कुठे अडतं

निकाल आधी सांगतो. २००५ ते २०१२ च्या काळातला, साटा पोर्ट (हार्ड डिस्क जोडायची खाच) असलेला डेस्कटॉप चालू अवस्थेत असेल तर त्यात ८ टीबीची डिस्क बसते आणि पूर्ण क्षमतेने चालते. जागा पुरत नाही एवढ्याच कारणासाठी नवा संगणक घ्यायची गरज नाही. मात्र दोन अटी आहेत. मोठी डिस्क फक्त डेटासाठी वापरायची, विंडोज त्यावर टाकायचं नाही. ते एखाद्या छोट्या एसएसडीवर किंवा आधीच्याच डिस्कवर राहू द्यायचं. आणि डिस्क घेताना ती सीएमआर पद्धतीची (ट्रॅक एकमेकांवर न चढवता लिहिणारी) आहे याची खात्री करायची. या दोन गोष्टी पाळल्या नाहीत तर पुढचा बराचसा त्रास ओढवून घेतल्यासारखा होतो.

८ टीबीच्या चार डिस्क या कामासाठी हमखास समोर येतात: सीगेट बाराकुडा (एसटी८०००डीएम००४), सीगेट आयर्नवुल्फ (एसटी८०००व्हीएन००४), वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस आणि तोशिबा एन३००.

बाराकुडा सर्वांत स्वस्तात मिळते म्हणून बहुतेकांची नजर आधी तिच्यावर जाते. ती ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेऱ्यांची) आहे, शांत आहे, कमी तापते. पण ती एसएमआर आहे. या पद्धतीत डिस्कवरचे ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. त्यामुळे मधला एखादा तुकडा बदलायचा झाला की त्याच्या पुढचा अख्खा पट्टा वाचून पुन्हा लिहावा लागतो. हे काम डिस्क आतल्या आत, सवडीने करते. थोडा डेटा लिहिला तर काही जाणवत नाही, कारण तो आधी एका राखीव भागात जातो. एका दमात काही शे जीबी टाकले की तो राखीव भाग भरतो आणि वेग सेकंदाला १५०-१८० एमबीवरून थेट काही दहा एमबीवर उतरतो, मधेमधे तर पूर्ण थांबतो. नव्या संगणकात हे नुसतं कंटाळवाणं असतं. जुन्यात त्रासदायक ठरतं, कारण जुने कंट्रोलर (साटा पोर्ट चालवणाऱ्या चिप) आणि ड्रायव्हर उत्तराची फार वाट पाहत नाहीत. टाइमआउट होतो, लिंक रीसेट होते आणि कॉपी अर्धवट राहते. एकदा भरून ठेवायचे आणि नंतर फक्त पाहायचे असे फोटो-व्हिडिओ असतील तर बाराकुडा चालेल. रोजचा बॅकअप, टॉरंट, कॅमेऱ्यांचं चित्रीकरण किंवा रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची रचना, ‘रेड प्लस’मधलं रेड नव्हे) यांसाठी नको. कंपनीनेही तिच्यावर वर्षाला ५५ टीबी एवढाच कामाचा भार धरलेला आहे. बाकीच्या तिघींवर तो १८० टीबी आहे.

आयर्नवुल्फ आणि एन३०० या दोन्ही सीएमआर आणि ७२०० आरपीएमच्या. वेग उत्तम, भरवसाही चांगला, पण पातळ पत्र्याच्या जुन्या कॅबिनेटमध्ये त्यांची घरघर आणि हेड हलण्याचा कटकट आवाज स्पष्ट ऐकू येतो, आणि हवा नीट खेळत नसेल तर त्या तापतात. जुन्या संगणकासाठी आमची पहिली पसंती रेड प्लसला आहे: सीएमआर, ५६४० आरपीएम, कमी वीज, कमी आवाज. जुन्या साटा पोर्टवर ७२०० चा फायदा तसाही पूर्ण मिळत नाही. पहिल्या पिढीच्या १.५ गिगाबिटच्या पोर्टवरून सेकंदाला १५० एमबीच्या वर काही जात नाही, त्यामुळे २१० एमबीच्या वेगाची डिस्क तिथे अडवली जाते. ३ गिगाबिटच्या पोर्टवर मात्र कोणतीही साधी हार्ड डिस्क मोकळी पळते. खोक्यावरच्या ‘६ गिगाबिट’ या आकड्याला फिरत्या डिस्कच्या बाबतीत काही महत्त्व नाही.

नावातला ‘प्लस’ विसरू नका. वेस्टर्न डिजिटलच्या नुसत्या ‘रेड’ मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं आणि त्यानंतर सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या काढण्यात आल्या. दुकानदाराला ‘रेड द्या’ म्हटलं तर चुकीची डिस्क हातात पडू शकते. मॉडेल क्रमांक पूर्ण वाचून, कंपनीच्या माहितीपत्रकात ‘सीएमआर’ लिहिलेलं पाहूनच घ्या.

अडतं कुठे

डिस्क क्वचितच अडते. अडतो तो डिस्कपर्यंत जाणारा रस्ता. बायोस (संगणक सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर), कंट्रोलर, ड्रायव्हर, पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची नोंद), एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) या प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते, आणि एकाची मर्यादा सोडवली म्हणजे दुसऱ्याची सुटली असं होत नाही.

जुन्या मर्यादा थोडक्यात. सिलिंडर, हेड आणि सेक्टरच्या हिशेबामुळे पूर्वी ५२८ एमबी आणि नंतर ८.४ जीबी या भिंती होत्या. अवॉर्ड कंपनीचे काही बायोस ३३.८ जीबीला अडकायचे. त्यानंतरची भिंत १३७ जीबीची, कारण सेक्टरचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा) पत्ता २८ बिटांचा होता. ४८ बिटांचा पत्ता आल्यावर ती गेली. विंडोज एक्सपीला त्यासाठी किमान सर्व्हिस पॅक १ लागतो. विंडोज २००० ला सर्व्हिस पॅक ३ आणि रजिस्ट्रीत ‘एनेबलबिगएलबीए’ ही नोंद लागते. २००५ नंतरच्या मदरबोर्डवर बायोसच्या बाजूने ही अडचण सहसा येत नाही.

खरी भिंत २.२ टीबीची. एमबीआर या जुन्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलात सेक्टरचा पत्ता ३२ बिटांचा असतो. ५१२ बाइटच्या सेक्टरने गुणलं की २,१९९,०२३,२५५,५५२ बाइट होतात, त्यापुढे पत्ता लिहायला जागाच नाही. त्यावर उपाय जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल. पण इथेच गफलत होते: जीपीटी केलं म्हणजे सगळं मिटलं असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात हीच ३२ बिटांची मर्यादा ड्रायव्हरमध्येही लपलेली असू शकते. बरेच जुने साटा ड्रायव्हर आणि यूएसबी कन्व्हर्टर डिस्कशी एससीएसआय या आज्ञासंचातल्या १० बाइटी आज्ञेने बोलतात, आणि त्या आज्ञेतही पत्त्यासाठी ३२ बिटच असतात. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर १०.१ च्या आधीचा असेल तर तो २.२ टीबीच्या पुढच्या डिस्कना चालत नाही. विंडोज ७ मध्ये तो काढून मायक्रोसॉफ्टचा मूळ एएचसीआय (साटाच्या नव्या मोडचा) ड्रायव्हर ठेवला की प्रश्न सुटतो.

नेमकं कोण अडवतंय हे विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधल्या आकड्यावरून ओळखता येतं. ८ टीबीच्या डिस्कमध्ये ८,००१,५६३,२२२,०१६ बाइट असतात आणि विंडोज ते ७४५२ जीबी किंवा ७.२७ टीबी असं दाखवतं. हे बरोबर आहे, काही चोरीला गेलेलं नाही. २०४८ जीबी आणि ५४०४ जीबी असे दोन तुकडे दिसले आणि दुसऱ्यावर काहीच करता येत नसेल तर डिस्क, पोर्ट, ड्रायव्हर सगळं ठीक आहे. तुम्ही एमबीआर निवडलंय. त्या डिस्कवर एकही पार्टिशन नसताना उजवं क्लिक करून जीपीटीत बदला. पण संपूर्ण डिस्कच १३०८ जीबीची दिसत असेल तर पत्त्याचे वरचे बिट कुठेतरी कापले जात आहेत आणि उरलेली बाकी दिसते आहे. ४ टीबीच्या डिस्कसाठी हा आकडा १६७८ जीबी, ३ टीबीसाठी ७४६ जीबी. असं दिसलं तर डिस्क फॉरमॅट करू नका, आधी ड्रायव्हर बदला. बायोसच्या स्क्रीनवर चुकीचा आकडा दिसत असेल आणि विंडोजमध्ये बरोबर, तर मात्र डेटा डिस्कसाठी तो सोडून द्या. सुरू झाल्यावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही डिस्कशी स्वतःच बोलतात, बायोसला विचारत नाहीत.

सर्वांत घातक प्रकार वेगळाच आहे. आकडा बरोबर दिसतो, फॉरमॅट होतं, महिनोन्‌महिने डिस्क छान चालते, आणि डेटा २.२ टीबीच्या पुढे गेला की तो गुपचूप डिस्कच्या सुरुवातीला लिहिला जातो. पहिल्या फायली आणि पार्टिशन टेबल त्याखाली गाडलं जातं. कोणतीही सूचना येत नाही. म्हणून डिस्कमध्ये एकही खरी फाइल टाकण्याआधी पुढची चाचणी करा. तासा-दीड तासाचं काम आहे.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क जीपीटी म्हणून इनिशियलाइज करा. पहिलं पार्टिशन १०२४०० एमबीचं, दुसरं १९९३७२८ एमबीचं आणि तिसरं पुन्हा १०२४०० एमबीचं करा. तिन्हींना एनटीएफएसने क्विक फॉरमॅट करा. तिसरं पार्टिशन २०४७ जीबीपासून २१४७ जीबीपर्यंत पसरतं, म्हणजे २०४८ जीबीची हद्द त्याच्या पोटातून जाते. आता एचटूटेस्टडब्ल्यू या तपासणीच्या साधनाने पहिलं पार्टिशन पूर्ण भरा, मग तिसरं पूर्ण भरा. संगणक बंद करून पुन्हा सुरू करा, म्हणजे मेमरीत राहिलेल्या प्रतीमुळे फसगत होणार नाही. मग दोन्हींवर फक्त ‘व्हेरिफाय’ चालवा. पहिल्या पार्टिशनमधली एकही फाइल बिघडलेली निघाली, किंवा सुरू झाल्यावर पार्टिशनच गायब झाली, तर रस्ता ३२ बिटांचा आहे. लिनक्सवर हीच चाचणी एफ३ या साधनाने करता येते. निकाल स्वच्छ आला की तिन्ही पार्टिशन काढून एकच मोठं करा. ड्रायव्हर किंवा कंट्रोलर कार्ड बदललं तर चाचणी पुन्हा करावी लागेल, आणि ती रिकाम्या डिस्कवरच.

वीज

डिस्क जोडली, पण ती फिरतच नाही, हाताला थरथर लागत नाही, बायोसला दिसत नाही. तीच डिस्क यूएसबीच्या डब्यात मात्र व्यवस्थित चालते. हे लक्षण दिसलं की डिस्क खराब म्हणून परत करू नका. साटाच्या वीज जोडणीत पंधरा पिन असतात. त्यातल्या पहिल्या तीन जुन्या रचनेत ३.३ व्होल्टच्या होत्या. साटा ३.३ या आवृत्तीत तिसऱ्या पिनला नवं काम दिलं गेलं: तिच्यावर व्होल्टेज आलं की डिस्कने बंद राहायचं. डेटा सेंटरमध्ये अडकलेली डिस्क दुरून बंद-चालू करण्यासाठी ही सोय आहे. जुना एसएमपीएस मात्र त्या पिनवर कायम ३.३ व्होल्ट देतो, आणि डिस्क निमूटपणे बंद राहते. डेटा सेंटरसाठीच्या मॉडेलमध्ये आणि बाहेरच्या यूएसबी डब्यातून काढलेल्या डिस्कमध्ये हे प्रामुख्याने आढळतं. वेस्टर्न डिजिटलच्या अल्ट्रास्टारमध्ये मॉडेल क्रमांकाच्या शेवटी ‘एल०’ असेल तर ही सोय आहे, ‘एल४’ असेल तर जुनीच रचना आहे. जुन्या संगणकासाठी एल४ घ्या.

उपाय दोन. डिस्कच्या वीज कनेक्टरवरच्या पहिल्या तीन पिनांवर कॅप्टॉन टेप लावणे. ही पिवळसर तपकिरी टेप उष्णता सहन करते, साधी पारदर्शक चिकटपट्टी मऊ पडून सरकते. किंवा एसएमपीएसच्या चार पिनांच्या मोलेक्स जोडणीपासून साटा असा कन्व्हर्टर वापरणे. मोलेक्समध्ये फक्त ५ आणि १२ व्होल्ट असतात, ३.३ ची नारिंगी तार नसतेच, म्हणून प्रश्न आपोआप मिटतो. कन्व्हर्टर निवडताना साटा टोकाकडे नीट बघा. तारा प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या प्रकारात आतल्या तारा एकमेकींच्या फार जवळ असतात. असे कन्व्हर्टर वितळण्याचे, पेट घेण्याचे प्रकार घडलेले आहेत. प्रत्येक तार वेगळी खोचून दाबून बसवलेली दिसते, मागचं झाकण उघडता येतं, तो प्रकार घ्या. इथे काटकसर नको.

आता एसएमपीएसची ताकद. ८ टीबीची डिस्क चालताना ५ ते ९ वॅट घेते, पण फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टच्या तारेतून सुमारे २ अँपियर ओढते, म्हणजे काही सेकंद २४ वॅट. २५० वॅटच्या एसएमपीएसलाही हे कागदावर जड नाही. अडचण वॅटची नसून वयाची असते. दहा-बारा वर्षांत आतले कपॅसिटर सुकतात आणि झटक्याचा भार आला की व्होल्टेज खाली जातं. डिस्क फिरू लागते, टक्‌ आवाज करून थांबते, पुन्हा फिरू लागते. मल्टिमीटरची काळी सुई मोलेक्सच्या काळ्या तारेवर आणि लाल सुई पिवळ्या तारेवर ठेवून संगणक सुरू करा. १२ व्होल्टची तार ११.४ च्या खाली किंवा ५ व्होल्टची लाल तार ४.७५ च्या खाली जात असेल तर एसएमपीएस आधी बदला, डिस्क नंतर लावा. हे मापन पाच मिनिटांचं आहे, तरी बहुतेक जण ते टाळतात.

बसवताना

बंद करून प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या, मग डिस्क पिशवीतून काढा. साडेतीन इंची डिस्कला ६-३२ मापाचे, जाड आट्यांचे स्क्रू लागतात. सीडी ड्राइव्हचे बारीक आट्यांचे एम३ स्क्रू जोर देऊन बसवले तर आटे कायमचे जातात. लांब स्क्रूही नकोत.

मोठ्या डिस्कमध्ये आतल्या तबकड्यांना जागा हवी म्हणून बाजूचं मधलं भोक बरेचदा दिलेलंच नसतं आणि तळाची भोकंही सरकलेली असतात. कॅबिनेटच्या पिंजऱ्यात पुढचं आणि मधलं भोक धरलेलं असेल, किंवा स्क्रूशिवाय बसणाऱ्या प्लास्टिक पट्टीची खुंटी मधल्या भोकात जाणारी असेल, तर डिस्क नीट बसणार नाही. घेण्याआधी पिंजरा उघडून बघा. ७०० ग्रॅमच्या आसपास वजनाची डिस्क एका स्क्रूवर लटकती ठेवणं योग्य नाही. पुढचं आणि मागचं, दोन्ही बाजूंना मिळून चार स्क्रू हवेतच. दोन डिस्कमध्ये एक खण मोकळा सोडा आणि शक्य असेल तर पुढच्या पंख्यासमोर बसवा. तापमान ४५ अंशांच्या आत राहिलं पाहिजे. झाकणावर ‘हे छिद्र झाकू नका’ असं लिहिलेलं असेल तर त्यावर टेप किंवा लेबल येऊ देऊ नका. हेलियम भरलेल्या डिस्कना ते छिद्र नसतं.

साटाची डेटा केबल जुनी असेल तर बदला. ‘६ गिगाबिटची केबल’ अशी वेगळी काही वस्तू घ्यायची गरज नाही, पण कुलूप असलेली, म्हणजे धातूची पट्टी दाबून काढायची केबल जरूर घ्या. सैल केबलची खूण नंतर स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या) नोंदींमध्ये दिसते: १९९ क्रमांकाची सीआरसी एररची संख्या वाढत जाते. ही संख्या वाढत असेल तर दोष केबलचा किंवा पोर्टचा आहे, डिस्कचा नाही. केबल बदलल्यावर ती वाढायची थांबते, पण शून्यावर येत नाही.

पोर्ट आणि बायोस

तीन गोष्टी आधी तपासा. पहिली, व्हीआयएचा व्हीटी८२३७ किंवा व्हीटी८२३७आर चिप असलेले मदरबोर्ड. हे १.५ गिगाबिटचे कंट्रोलर नव्या वेगाच्या डिस्कशी वेग जुळवून घेत नाहीत; डिस्क दिसतच नाही किंवा संगणक सुरू होताना अडकून राहतो. पूर्वी डिस्कवर जंपर लावून तिला १.५ वर बांधता यायचं, आजच्या मोठ्या डिस्कना तो जंपर सहसा मिळत नाही. अशा बोर्डवर वेगळं कार्ड लावण्यावाचून मार्ग नाही.

दुसरी, इंटेलच्या ६ मालिकेचे, म्हणजे सँडी ब्रिज प्रोसेसरचे सुरुवातीचे बोर्ड. ३ गिगाबिटचे पोर्ट काळानुसार खराब होत जाण्याचा दोष ३१ जानेवारी २०११ ला इंटेलने स्वतः जाहीर केला होता. बी३ या आवृत्तीत तो दूर झाला. बी२ चिप असलेला बोर्ड अजून चालू असेल तर मोठी डिस्क ० आणि १ या ६ गिगाबिटच्या पोर्टवरच लावा; दोष त्यांच्यात नव्हता.

तिसरी गोष्ट वेळेची. अनेक तबकड्यांची डिस्क पूर्ण वेग घ्यायला वीस-पंचवीस सेकंद घेऊ शकते आणि जुना बायोस तेवढा थांबत नाही. थंड संगणक सुरू केला की डिस्क सापडत नाही, पण कंट्रोल-ऑल्ट-डिलीट केलं की सापडते, हे त्याचं नेमकं लक्षण. बायोसमध्ये ‘आयडीई डिटेक्ट टाइम आउट’, ‘डिले फॉर एचडीडी’ किंवा ‘हार्ड डिस्क प्री-डिले’ असा पर्याय असतो, तो वाढवा.

साटाचा मोड आयडीई (जुना) की एएचसीआय (नवा)? आधीपासून आयडीई मोडमध्ये विंडोज चालू असेल तर घाईने बदलू नका. विंडोज ७ निळा पडदा आणि ०एक्स७बी ही चूक दाखवून थांबेल. रजिस्ट्रीत सर्व्हिसेसखालच्या ‘एमएसएएचसीआय’मध्ये ‘स्टार्ट’ची किंमत ० केल्यानंतरच बायोसमध्ये बदल करा. इंटेलच्या आयसीएच७ सारख्या साध्या चिपमध्ये एएचसीआय नसतोच, आणि त्याने ८ टीबीला काही अडत नाही. एनसीक्यूचा (कामांचा क्रम डिस्कने स्वतः लावण्याचा) थोडा फायदा हुकतो, क्षमता पूर्ण मिळते.

एक छुपी खोड आणखी. काही जुन्या बोर्डांचे बायोस स्वतःची राखीव प्रत पहिल्या डिस्कच्या शेवटी, एचपीए नावाच्या झाकलेल्या भागात लिहून ठेवतात. जीपीटीची दुसरी प्रतही डिस्कच्या शेवटीच असते, ती त्यात जाते. म्हणून मोठी डिस्क पहिल्या पोर्टवर लावू नका. तिथे विंडोजची डिस्क ठेवा. असं आधीच झालं असेल तर लिनक्समधल्या एचडीपारमने एचपीए काढता येतं.

विंडोज आणि लिनक्स

विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सर्व आवृत्त्या, ३२ बिटच्याही, जीपीटी डेटा डिस्क वाचतात. जीपीटीवरून सुरू होण्यासाठी मात्र विंडोजला यूईएफआय (बायोसची नवी पिढी) लागतं, जुन्या बायोसवर ते होणार नाही. लिनक्सला तेही बंधन नाही: १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन करून ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) टाकलं की जुन्या बायोसवरही जीपीटी डिस्कवरून सुरू होतं.

३२ बिटचं एक्सपी जीपीटी वाचतच नाही. एक्सपी ठेवणं भागच असेल तर २ टीबीची डिस्क घ्या, विषय संपवा. त्यातही पार्टिशन एक्सपीने करू नका. २०११ पासूनच्या डिस्कचा आतला सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतं. त्यामुळे प्रत्येक लेखन दोन सेक्टरांवर पसरतं आणि वेग मार खातो. विंडोज ७ किंवा लिनक्सवरून, १ एमबीच्या हद्दीवर पार्टिशन करून मग एक्सपीला द्या. विंडोज ७ साठी डिस्क ५१२ई प्रकारची (बाहेरून ५१२ बाइटचे सेक्टर दाखवणारी) आहे ना हेही बघा. ४केएन (४०९६ बाइटचेच सेक्टर दाखवणारी) डिस्क त्याला कळत नाही, त्यासाठी विंडोज ८ लागतं.

एनटीएफएसचा क्लस्टर (फायलींना जागा देण्याचा लहानात लहान तुकडा) ४ केबी ठेवला तरी १६ टीबीपर्यंत पुरतो, तो वाढवायचं कारण नाही. ३२ बिट लिनक्सवर ईएक्सटी४ या फाइल प्रणालीची मर्यादाही १६ टीबीच आहे, पण १-२ जीबी रॅमच्या संगणकावर एवढ्या मोठ्या डिस्कची ईटूएफएससीके तपासणी मेमरी संपून मधेच मरू शकते. ईटूएफएससीकेच्या सेटिंगमध्ये ‘स्क्रॅच फाइल्स’चा पर्याय देऊन ठेवा, वेळ जास्त लागेल, पण तपासणी पूर्ण होईल.

पूर्ण तपासणी

नवी डिस्कही तपासूनच वापरात घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएलमध्ये ५, १९७ आणि १९८ या (खराब सेक्टरांच्या) नोंदींची कच्ची संख्या शून्य हवी. मग स्मार्टची लांब चाचणी. त्यानंतरही डिस्क पूर्ण लिहून-वाचून पाहायची असेल तर लिनक्सचं बॅडब्लॉक्स उत्तम, फक्त ब्लॉकचा आकार ४०९६ द्यावा लागतो, नाहीतर एवढी मोठी डिस्क ते घेतच नाही. सरासरी १५० एमबीच्या वेगाने ८ टीबी एकदा लिहायला पंधरा तास लागतात. लिहिण्याच्या चाचणीत चार नमुने लिहिले आणि वाचले जातात, म्हणजे आठ फेऱ्या, पाच दिवस. या चाचणीत डिस्कवरचं सगळं पुसलं जातं.

कार्ड लावायचं झालं तर

पीसीआय एक्सप्रेसची मोकळी खाच असेल तर एएसएम१०६१ चिपचं दोन पोर्टचं साधं कार्ड या कामाला पुरेसं आहे. २.० च्या खाचेत सेकंदाला सुमारे ५०० एमबी, १.० च्या खाचेत २५० एमबी. एका हार्ड डिस्कला दोन्ही पुरतात. नुसती जुनी पीसीआय खाच असेल तर सगळ्या खाचांना मिळून १३३ एमबीच मिळतात आणि त्यात नेटवर्क कार्डही वाटेकरी होतं. कार्ड लावून २.२ टीबीचा प्रश्न सोडवणं ही नवी गोष्ट नाही. २०१० मध्ये वेस्टर्न डिजिटलची ३ टीबीची कॅव्हियार ग्रीन आली तेव्हा जुन्या बोर्डांसाठी कार्ड डिस्कच्या खोक्यातच दिलं जायचं. मदरबोर्ड कंपन्यांनी त्याच काळात मोठ्या डिस्कचे आभासी तुकडे पाडणारी ‘अनलॉक’ सॉफ्टवेअरं काढली. ती वापरू नका. तो तुकडा फक्त त्याच सॉफ्टवेअरला कळतो, आणि संगणक बिघडल्यावर डिस्क दुसरीकडे लावली की डेटा दिसत नाही.

बाहेरच्या यूएसबी डब्याबाबतही तोच धोका आहे. काही डबे एक्सपीला मोठी डिस्क दिसावी म्हणून ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ बाइटचे करून दाखवतात. एमबीआरची मर्यादा त्यामुळे आठपट होते, आणि एक्सपीवर ८ टीबी वापरण्याचा हा एक चालणारा मार्ग आहे. पण अशा डब्यात भरलेली डिस्क काढून थेट साटा पोर्टला लावली तर पार्टिशनचे सगळे पत्ते चुकतात आणि विंडोज ‘फॉरमॅट करायचं का’ विचारतं किंवा डिस्क रिकामी दाखवतं. तिथे ‘नाही’ म्हणा, डिस्क त्याच डब्यात परत घाला, डेटा दुसरीकडे उतरवून घ्या आणि मगच ती आत बसवून नव्याने जीपीटी करा. डबा यूएसबी २.० चा असेल तर सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास वेग मिळतो. भरलेली ८ टीबी डिस्क उतरवायला अडीच दिवसांहून जास्त वेळ धरून चाला.